संध्याकाळी नेटवर्कवरचे सगळे संगणक आपोआप बंद कसे करावेत?

मोकळी_वायर

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे साधारण साठ-सत्तर संगणक आहेत. दोन प्रयोगशाळा, एक कार्यालय आणि इकडेतिकडे विखुरलेले काही. बहुतेकांवर विंडोज १० किंवा ११, एका प्रयोगशाळेतल्या अर्ध्या मशीनवर लिनक्स. नेटवर्क सगळ्यांचं एकच. कार्यालयातली मशीन डोमेनमध्ये (एका सर्व्हरकडून सांभाळली जाणारी) आहेत, प्रयोगशाळेतली नुसत्या वर्कग्रुपवर (प्रत्येक मशीन स्वतंत्र).

संध्याकाळी लोक उठून जातात आणि संगणक तसेच चालू राहतात. काही जण मॉनिटरचं बटण दाबतात आणि संगणक बंद केल्याच्या समाधानात घरी जातात. भिंतीवर कागद चिकटवून झाले, गोडीत सांगून झालं. आता रात्री आठला सगळं आपोआप बंद व्हायला हवं आहे. एका जागेवरून करता यावं, कोणी काम करत बसलं असेल तर त्याचं काम जाऊ नये, आणि सकाळी लोक यायच्या आत मशीन चालूही करता आली तर उत्तमच.

विकतचं सॉफ्टवेअर घ्यायचं नाहीये. मला बॅच फाइल लिहिता येते. पॉवरशेल वाचून कळतं, लिहिताना अडखळते. कमांड देवनागरीत लिहिल्यात तरी चालेल, टंकताना मी रोमन करून घेईन.

कळफलक

सोपं आहे. विंडोजची स्वतःची कमांड आहे:

शटडाउन /एस /एम \\संगणकाचं-नाव /टी ३०० /सी "पाच मिनिटांत संगणक बंद होईल, काम सेव्ह करा"

नावांची यादी टेक्स्ट फाइलीत ठेवा, तिच्यावर फॉर लूप फिरवा, आणि ती बॅच फाइल सर्व्हरच्या टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी विंडोजची सोय) रात्री आठला लावा. झालं. कमांड लक्षात राहत नसेल तर शटडाउन /आय द्या, छोटी खिडकी उघडते, तिच्यात नावं भरून माउसने काम होतं. आणि भलतंच मशीन यादीत गेलं असेल तर ३०० सेकंदांच्या आत शटडाउन /ए /एम \\नाव दिलं की रद्द.

निळा_पडदा

"झालं" हे डोमेनमधल्या मशीनपुरतं. प्रयोगशाळेत पहिल्याच नावावर 'ॲक्सेस इज डिनाइड' येणार, एरर ५.

दुरून बंद करायला समोरच्या मशीनवर 'फोर्स शटडाउन फ्रॉम अ रिमोट सिस्टम' हा हक्क लागतो. मुळात तो ॲडमिनिस्ट्रेटर गटाकडे असतो. डोमेन ॲडमिन त्या गटात आपोआप असतो, म्हणून तिकडे अडत नाही. वर्कग्रुपमध्ये दोन्हीकडे एकाच नावाचं, एकाच पासवर्डचं ॲडमिन खातं केलं तरी यूएसी (विंडोजचं अधिकार-नियंत्रण) आडवा येतो. नेटवर्कवरून आलेल्या स्थानिक ॲडमिनचे अधिकार छाटून तो त्याला साधा वापरकर्ता करून टाकतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) 'लोकल अकाउंट टोकन फिल्टर पॉलिसी' नावाची नोंद १ केली की ही छाटणी थांबते. नेटवर सगळीकडे हाच उपाय सांगतात. पण मग एका मशीनचा पासवर्ड ज्याला मिळाला त्याला अख्खी प्रयोगशाळा मिळाली. मी तरी करणार नाही.

एरर ५३ आली तर एक तर नाव सापडत नाहीये किंवा फायरवॉल अडवतोय. विंडोजच्या फायरवॉलमध्ये 'रिमोट शटडाउन' नावाचा तयार नियमांचा गट असतो, तो चालू करावा लागतो.

रात्रपाळी

मी म्हणेन दिशाच उलटी करा. सर्व्हरवरून एकेका मशीनला हाक मारत बसण्यापेक्षा प्रत्येक मशीनला आठ वाजता स्वतःचं स्वतः बंद व्हायला लावा.

मध्यवर्ती लूपसाठी मशीन त्या क्षणी नेटवर्कवर हवं, नाव बरोबर हवं, फायरवॉल उघडा हवा, पासवर्ड जुळायला हवा. शिवाय तो लूप चालवणारा सर्व्हर त्या दिवशी धड हवा. मशीनवरच्या टास्कला यातलं काहीच लागत नाही. "एका जागेवरून" ही अट फक्त वाटपाला लावा. डोमेनमध्ये ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधून शेड्युल्ड टास्क सगळ्यांना एकदम पाठवता येतो. वर्कग्रुपवर एका मशीनवर टास्क तयार करा, एक्सएमएल फाइल म्हणून एक्स्पोर्ट करा आणि बाकीच्यांवर एससीएचटास्क्स /क्रिएट /एक्सएमएल ने आत घ्या. त्यासाठी एकदा पेनड्राइव्ह घेऊन फिरावं लागेल, तेवढं फिरा.

टास्क 'सिस्टम' खात्याखाली चालवा. कोणी लॉगिन केलेलं असो वा नसो, चालतो, आणि पासवर्ड कुठेही लिहून ठेवावा लागत नाही.

मग टास्कमधल्या दोन चौकटी बघा. 'कंडिशन्स' पानावर "फक्त एसी पॉवरवर असेल तरच सुरू करा" या अर्थाची खूण मुळातच केलेली असते. ती काढली नाही तर बॅटरीवर चालणारा लॅपटॉप टास्ककडे ढुंकूनही बघत नाही. दुसरी चौकट 'सेटिंग्ज' पानावर आहे: "वेळ हुकली तर शक्य तितक्या लवकर चालवा". तिथे खूण असेल तर काय होतं? एखाद्याने सातलाच मशीन नीट बंद केलं. त्याचा आठचा टास्क हुकला. सकाळी तो मशीन चालू करतो, थोड्या वेळात विंडोजला राहिलेलं काम आठवतं आणि मशीन त्याच्या डोळ्यांदेखत बंद होतं. जो माणूस न सांगता शिस्त पाळतो नेमकी त्यालाच शिक्षा. खूण नको.

शून्य_एक

रात्रपाळींशी सहमत. एक भर घालतो. टास्क मशीनवर गेला म्हणजे तो त्या मशीनच्या घड्याळावर गेला. जुन्या डेस्कटॉपची सीमॉस बॅटरी संपली की घड्याळ वाटेल ते दाखवतं. डोमेनमधली मशीन वेळ डोमेन कंट्रोलरकडून घेतात, कारण कर्बेरोसला (डोमेनमधली ओळख तपासणारी पद्धत) मुळात पाच मिनिटांहून जास्त फरक खपत नाही. वर्कग्रुपवाल्यांना तशी कोणाची भीती नाही. तिथे टाइम सर्व्हर नीट लावून द्या, नाहीतर भर वर्गात रात्रीचे आठ वाजतील.

मोकळी_वायर

वा, भराभर उत्तरं आली. टास्क मशीनवरच ठेवायची कल्पना पटली.

काम करत बसलेल्या माणसाचा प्रश्न मात्र राहिलाच. कळफलक यांच्या कमांडमध्ये /एफ (उघडे प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करा) नाहीये. म्हणजे सेव्ह न केलेली फाइल उघडी असेल तर मशीन थांबेल ना?

निळा_पडदा

नाही थांबणार. /टी ची वेळ शून्यापेक्षा जास्त असेल तर /एफ गृहीत धरलं जातं. मायक्रोसॉफ्टच्या मदतपानावर स्वच्छ लिहिलंय, पण त्या ओळीपर्यंत कोणी पोचत नाही. ३०० सेकंद संपले की उघडे प्रोग्रॅम विचारणा न करता बंद केले जातात. ऑटोरिकव्हरीत जे वाचलं ते वाचलं.

/टी ० दिलंत आणि /एफ दिलं नाहीत, तर विंडोज प्रोग्रॅमना विचारतं. कोणी हरकत घेतली की 'हा प्रोग्रॅम बंद होऊ देत नाहीये' असा पडदा येतो आणि मशीन तिथेच, कोणी येईपर्यंत. म्हणजे फाइल वाचली, पण वीज रात्रभर चालू. एकट्या कमांडीकडून दोन्ही होत नाही. बंद करायचं की नाही हे स्क्रिप्टने आधी ठरवायचं आणि मगच कमांड द्यायची.

मधली_सुट्टी

एवढे लाड कशाला? पाऊण तास आधी सूचना, पंधरा मिनिटं आधी पुन्हा सूचना, आठला बंद. ज्याचं जाईल त्याचं जाईल. दुसऱ्या दिवशीपासून सगळे शहाणे होतात.

धागेदोरे

असहमत. पहिल्याच आठवड्यात कोणा वरिष्ठाची फाइल जाते, तो फोन करतो आणि अख्खी योजना गुंडाळली जाते. हे होताना पाहिलंय.

शिवाय खुर्चीत माणूस नाही म्हणजे मशीन रिकामं असतंच असं नाही. रात्रभर चालणारं रेंडरिंग, मोठी आकडेमोड, पडद्यावर काहीही हालत नाही, स्क्रीन लॉक. स्क्रिप्टला वाटणार, कोणी नाही, उडवा.

आम्ही लोकांना सूट मागायची सोपी सोय दिली. डेस्कटॉपवर 'आज रात्री चालू ठेवा' नावाचं चिन्ह. ते दाबलं की ठराविक फोल्डरमध्ये आजच्या तारखेची छोटी फाइल तयार होते. बंद करणारी स्क्रिप्ट आधी ती फाइल बघते. तारीख आजची असेल तर गप्प बसते, जुनी असेल तर दुर्लक्ष. त्यामुळे एकदा घेतलेली सूट जन्मभर चालत नाही. लोकांना परवानगी मागायला कोणाकडे जावं लागत नाही, त्यामुळे योजनेवर राग राहत नाही. माझ्या मते बाकी सगळ्या तांत्रिक गोष्टींपेक्षा हे एक चिन्ह जास्त कामाचं आहे.

रात्रपाळी

धागेदोरेताई, हे झकास. माझ्या स्क्रिप्टमध्ये ही फाइल नव्हती, आता घालतो.

मोकळी_वायर, क्रम साधारण असा ठेवा. पावणेआठला एमएसजी कमांडने सूचना. सिस्टम खात्याखाली चालणारी स्क्रिप्ट स्वतःची खिडकी वापरकर्त्याला दाखवू शकत नाही. व्हिस्टापासून सर्व्हिसेस वेगळ्या 'सेशन ०' मध्ये टाकल्यात, तिथे उघडलेली खिडकी कोणालाच दिसत नाही. लोक तासन् तास शोधत बसतात की संदेश गेला कुठे. एमएसजी मात्र दुसऱ्या सेशनमध्ये पोचतं. होम आवृत्तीत ते नसतं, तिथे शटडाउनच्या /सी वर भागवा.

आठला आधी सूट-फाइल बघा. मग कोणी आहे का ते बघा. क्यूयूजर कमांड कोण लॉगिन आहे ते सांगते, पण लॉक केलेलं सेशनही 'ॲक्टिव्ह' म्हणूनच दाखवते, आणि कन्सोलवर बसलेल्याची रिकामी वेळ तिच्यावरून नीट कळत नाही. म्हणून एक जुगाड: लॉगऑनयूआय.ईएक्सई ही प्रोसेस चालू असेल तर पडद्यावर लॉगिन किंवा लॉक स्क्रीन आहे. एका मशीनवर एकच माणूस असेल तिथे हे चांगलं चालतं. रिमोट डेस्कटॉपवर बरेच जण येत असतील तर यावर विसंबू नका.

लॉक असेल किंवा कोणीच लॉगिन नसेल तर मिनिटभराची मुदत देऊन सरळ बंद. कोणी समोर बसलेलं असेल तर पंधरा मिनिटांची मुदत द्या, आणि 'थांबवा' नावाचं दुसरं चिन्ह डेस्कटॉपवर ठेवा, ज्याच्या मागे फक्त शटडाउन /ए आहे. साध्या वापरकर्त्याला स्वतःचं डेस्कटॉप मशीन बंद करायचा हक्क मुळात असतोच, त्यामुळे ते चालतं. टास्क रात्री बारापर्यंत दर तासाला पुन्हा लावा. आठला थांबवलेलं मशीन नऊला किंवा दहाला सापडतं.

एकटा_पेंग्विन

लिनक्सबद्दल कोणी बोलेना, म्हणून मी.

रूटच्या (मुख्य ॲडमिन खात्याच्या) क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी चालायच्या कामांच्या यादीत, एक ओळ:

० २० * * १-६ /एसबिन/शटडाउन -एच +१५ "पंधरा मिनिटांत बंद होईल"

रद्द करायला शटडाउन -सी. शेवटच्या पाच मिनिटांत रन फोल्डरमध्ये नोलॉगिन नावाची फाइल तयार होते आणि नवीन लॉगिन घेणं थांबतं, ते आपोआप. मशीनचा टाइमझोन तपासा. इन्स्टॉल करताना यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) ठेवला असेल तर तुमचे आठ आणि क्रॉनचे आठ वेगळे.

सर्व्हरवरून एसएसएचने (दुरून लॉगिन करून कमांड चालवायची सोय) करायचं असेल तर एक सापळा सांगून ठेवतो. नावांच्या फाइलीवर व्हाइल-रीड लूप आणि आत एसएसएच, अशी स्क्रिप्ट लिहिली की पहिलं मशीन बंद होतं आणि स्क्रिप्ट गुपचूप संपते. एररही नाही. कारण एसएसएच स्टँडर्ड इनपुट वाचतं, म्हणजे यादीतली उरलेली सगळी नावं तेच गिळून बसतं. एसएसएचला -एन लावा, सुटतं.

आणि कृपा करून रूटची किल्ली सर्व्हरवर मोकळी ठेवू नका. वेगळं खातं करा, सुडोअर्समध्ये (कोणाला कोणती ॲडमिन कमांड चालते ते ठरवणारी फाइल) त्याला फक्त शटडाउनची परवानगी द्या, आणि समोरच्या ऑथराइज्ड-कीज फाइलीत त्या किल्लीला तीच एक कमांड बांधून टाका. किल्ली चोरीला गेली तरी चोर फार फार तर तुमची मशीन बंद करेल. तेच तर तुम्हाला हवंय. :)

कुणीतरी_एक

मेन स्विचलाच टायमर लावला तर? ना स्क्रिप्ट ना डोमेन.

निळा_पडदा

नको. एनटीएफएसचं (विंडोजची फाइल सिस्टम) जर्नल फाइल सिस्टमचा सांगाडा वाचवतं, आतला मजकूर नाही. डेटाबेस लिहिता लिहिता वीज गेली किंवा अपडेट अर्ध्यावर असताना गेली की सकाळी काय सापडेल सांगता येत नाही. मशीन नीट बंद झाल्यावर मॉनिटर, स्पीकर वगैरेंच्या पट्टीला टायमर लावायचा असेल तर जरूर लावा.

मधली_सुट्टी

मुळात एवढा खटाटोप परवडतो का? स्लीप लावून टाका. रोज चालू-बंद करून हार्ड डिस्क खराब होतात असंही म्हणतात.

वॉटमोजणी

थोडं गणित.

साधा डेस्कटॉप कोणी हात न लावता नुसता चालू असेल तर मॉनिटर सोडून साधारण ३० ते ६० वॉट खातो. स्लीपमध्ये १ ते ३ वॉट. बंद करून प्लग तसाच ठेवला तर अर्धा-एक वॉट. ५० मशीन आणि ४० वॉट धरा: २ किलोवॉट. रात्री आठ ते सकाळी दहा, चौदा तास, २८ युनिट. शनिवारी रात्री आठ ते सोमवारी सकाळी दहा, ३८ तास, ७६ युनिट. आपापला दर लावून बघा.

आता हीच ५० मशीन २ वॉटने स्लीपमध्ये असतील तर चौदा तासांत १.४ युनिट. म्हणजे ९५ टक्के बचत नुसत्या स्लीपने होते, आणि कोणाची फाइलही जात नाही. मधली_सुट्टी यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विजेपुरतं बघायचं तर स्लीप आणि पूर्ण बंद यांत फार फरक उरत नाही. स्क्रीनसेव्हर मात्र काहीच वाचवत नाही. तो जुन्या काचेच्या मॉनिटरवर चित्राचा डाग पडू नये म्हणून आला होता.

हार्ड डिस्कचं म्हणाल तर बऱ्याच डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात ५०,००० वेळा चालू-बंद होण्याची क्षमता दिलेली असते. रोज एकदा या हिशेबाने ती १३७ वर्षं झाली. एसएसडीत फिरणारं काही नाहीच.

रात्रपाळी

स्लीपचं गणित बरोबर, पण मशीन स्लीपमध्ये गेलं तर. कोणाचा ड्रायव्हर अडवतो, कोणाच्या ब्राउझरच्या टॅबमध्ये काहीतरी वाजत असतं, कोणाची शेअर केलेली फाइल दुसऱ्याने उघडून ठेवलेली असते. ॲडमिन म्हणून पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स द्या, कोण अडवतंय त्याची यादी येते. आणि झोपलेलं मशीन रात्री दोनला स्वतःहून उठून बसलं तर पॉवरसीएफजी /लास्टवेक उठवणाऱ्याचं नाव सांगतं. साठ मशीनवर हे शोधत बसणं हा वेगळाच उद्योग आहे. शिवाय स्लीपमध्ये सगळं रॅममध्ये असतं, मध्येच वीज गेली की ते गेलं.

माझं मत: दिवसा अर्ध्या तासाने स्लीप, रात्री पूर्ण बंद. दोन्ही ठेवा. रोज नव्याने सुरू झालेल्या मशीनच्या तक्रारीही कमी येतात, हा फायदा विजेच्या हिशेबात धरत नाहीत.

निळा_पडदा

अपडेटचंही बघा. मायक्रोसॉफ्टची महिन्याची मुख्य अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतात. रोज आठला सगळं बंद करायला लागलात की रात्री अपडेट व्हायला वेळच मिळत नाही, मग ती दिवसा, लोक काम करत असताना सुरू होतात आणि शिव्या तुम्हाला. आठवड्यातली एक रात्र अपडेटसाठी सोडा. त्या रात्री अपडेट आधी, बंद नंतर. आणि टायवर्कर.ईएक्सई चालू दिसली तर स्क्रिप्टने ती फेरी सोडून द्यावी. दर तासाच्या फेऱ्या आहेतच.

मोकळी_वायर

खूप मिळालं. धागा वाचता वाचता यादी करतेय. आता सकाळचं सांगा कोणीतरी. वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून संकेत पाठवून मशीन चालू करणं) एका मशीनवर करून पाहिलं. स्लीपमधून उठतं, पण बंद केल्यावर उठत नाही.

शून्य_एक

स्टार्ट मेनूतून बंद केलंत ना? विंडोज ८ पासून ते खरं बंद होणं नाही. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर विंडोज कर्नल डिस्कवर हायबरनेट करून ठेवतं, आणि त्या अवस्थेतून वेक-ऑन-लॅनने उठणं विंडोज मानत नाही. शटडाउन /एस मात्र /हायब्रिड जोडलं नाही तर पूर्ण बंद करतं. पूर्ण बंद मशीनला उठवणं मग बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) आणि नेटवर्क कार्ड यांच्या हातात. मी फास्ट स्टार्टअप सगळीकडे बंदच ठेवतो. अवांतर: टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' बावीस दिवस दिसतो आणि माणूस शपथेवर सांगतो की मी रोज बंद करतो, तेव्हा दोघंही खरं बोलत असतात. कारण हेच.

मग बायोसमध्ये जा. वेक-ऑन-लॅन चालू करा आणि 'ईआरपी' किंवा 'डीप स्लीप' असं काही असेल ते बंद करा. ते चालू असेल तर बंद मशीनच्या नेटवर्क कार्डाला वीजच मिळत नाही, मग ते ऐकणार कशाने? बंद मशीनच्या मागे केबलजवळचा दिवा लुकलुकत असेल तर आशा आहे.

मॅजिक पॅकेट, म्हणजे उठवणारा संकेत: सहा बाइट एफएफ आणि त्यापुढे त्या कार्डाचा मॅक पत्ता (हार्डवेअर क्रमांक) सोळा वेळा, एकूण १०२ बाइट. बहुधा यूडीपी पोर्ट ७ किंवा ९ वर ब्रॉडकास्ट करतात. ब्रॉडकास्ट असल्याने राउटर ओलांडून जात नाही. तुमचं सगळं एकाच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एकाच भागात) असेल तर प्रश्न नाही. दुसऱ्या सबनेटमध्ये काही असेल तर तिथलं एखादं कायम चालू मशीन निवडा आणि पॅकेट त्याच्याकडून सोडा. राउटरवर डिरेक्टेड ब्रॉडकास्ट उघडू नका. स्मर्फ हल्ल्यांनंतर (त्यात असा ब्रॉडकास्ट वापरून एखाद्यावर पॅकेटचा पूर आणतात) १९९९ सालीच ते मुळात बंद ठेवायचं ठरलंय, उगाच नाही. वायफायवरच्या लॅपटॉपचा नाद सोडा.

एकटा_पेंग्विन

नेटवर्कची भानगडच नको असेल तर बऱ्याच बायोसमध्ये ठराविक वेळी चालू होण्याचा गजर लावता येतो. लिनक्सवर आरटीसीवेक -एम ऑफ आणि उठायची वेळ, एकाच कमांडीत बंदही होतं आणि सकाळी उठतंही.

कळफलक

सुट्टीच्या दिवशी पण उठतं. :) वेक-ऑन-लॅनमध्ये निदान सकाळी ठरवता येतं.

धागेदोरे

सगळी एकदम उठवू नका. प्रयोगशाळेतली सगळी मशीन एकाच सेकंदाला सुरू झाली तर सर्किटवर ताण येतोच, शिवाय सगळी एकाच वेळी लॉगिनला आणि अपडेटला धावतात. स्क्रिप्टमध्ये दोन मशीनमध्ये काही सेकंद सोडा.

आणि बंद झालं की नाही हे तपासायची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. नुसतं पिंग पुरत नाही, फायरवॉल पिंग गिळतो आणि चालू मशीन मेलेलं दिसतं. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टम लॉगमध्ये १०७४ क्रमांकाची नोंद शोधा. कोणत्या प्रोसेसने, कोणत्या खात्याने, काय कारण देऊन बंद केलं ते सगळं असतं. ६००८ दिसली तर मशीन नीट बंद झालं नव्हतं, ४१ असेल तर बहुधा वीज गेली किंवा कोणी बटण दाबून धरलं. "तुमच्या स्क्रिप्टने माझं मशीन दुपारी बंद केलं" अशी तक्रार येतेच. १०७४ उघडून दाखवायची, तिथे बहुतेक वेळा तक्रार करणाऱ्याचंच नाव असतं.

चिकट_कळ

वाचनखूण साठवली. मॅकवर हे कसं करायचं?

एकटा_पेंग्विन

टर्मिनलमध्ये सुडो लावून पीएमसेट रिपीट शटडाउन, मग वारांची अक्षरं आणि वेळ. पूर्वी सेटिंग्जमध्ये वेळापत्रकाचं बटण होतं, मॅकओएस १३ पासून ते काढलं, कमांड राहिली.

मोकळी_वायर

सर्वांचे आभार. कार्यालयात ग्रुप पॉलिसीने आणि प्रयोगशाळेत एक्सएमएलने टास्क लावून झाला. लिनक्सवर क्रॉन. पावणेआठला सूचना, आठपासून बारापर्यंत दर तासाला फेरी, बुधवारची रात्र अपडेटसाठी मोकळी. फास्ट स्टार्टअप सगळीकडे बंद. 'आज रात्री चालू ठेवा' हे चिन्ह लोकांना इतकं आवडलंय की दोघांनी विचारलं, "उद्या रात्रीचं पण आहे का?" नाही म्हणून सांगितलं.

सर्व्हर अर्थातच वगळलेत. पण यादी करताना भलतीच मशीन सापडत गेली. एकावर सगळ्या मजल्याचा प्रिंटर शेअर केलेला, एकावर कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, एका साध्या दिसणाऱ्या डेस्कटॉपच्या फोल्डरवर रात्रीचा बॅकअप येऊन पडतो. ही कायमच्या सूट-यादीत टाकली.

रात्रपाळी

बॅकअप किती वाजता संपतो ते बघून त्या मशीनला वेगळी वेळ द्या, कायमची सूट नको. आणि यादीत प्रत्येक नावापुढे कारण, मागणाऱ्याचं नाव आणि शेवटची तारीख लिहा. ही यादी फक्त वाढते.

मोकळी_वायर

तारीख टाकते. कारणांचं मात्र अवघड आहे. यादीतली दोन मशीन अशी आहेत की ती कधीही बंद करू नका असं सगळे सांगतात, पण का ते कोणालाच सांगता येत नाही.

निळा_पडदा

मग बंद करून बघा. आधी दोन्हींचा पूर्ण बॅकअप घ्या, रात्री बंद करा, सकाळी ज्याचा फोन येईल तो मालक.

धागेदोरे

आठवड्याच्या मधल्या दिवशी करा पण. आणि महिनाअखेर सोडून. काही मशीनचे मालक महिन्यातून एकदाच जागे होतात.